गाभडलेली गाय बाजारात जाते तेव्हा

सातव्या महिन्याची गाभण गाय. काल संध्याकाळी कुटार खाल्ले, पाणी प्यायली, ताप नाही की सुस्ती नाही. सकाळी कोठ्यात गेल्यावर मागे मेलेले वासरू पडलेले दिसते. अचलपूर, परतवाडा, चांदूर बाजार या पट्ट्यातल्या जनावरे पाळणाऱ्या घरांना हे दृश्य परके नाही. मग कारणांचा शोध सुरू होतो. शेजारच्या बैलाने ढुसणी दिली असेल, ढेप बाधली असेल, उन्हात जास्त चालली असेल, नाहीतर कोणाची तरी नजर लागली असेल. वार अडकलेली असते. घरातला किंवा गावातला एखादा जाणता माणूस बाहीवर करून हात घालतो आणि ती ओढून काढतो. वासरू आणि वार उकिरड्यावर जाते. रात्री कुत्री ती ओढत दुसऱ्याच्या दारापर्यंत नेतात. पुढे दोन-तीन महिन्यांनी गाय माजावर येते, भरवली जाते, उलटते. पुन्हा भरवली जाते, पुन्हा उलटते. ढेपेचा खर्च चालू आणि दूध बंद, असे किती दिवस चालणार? एक दिवस तिच्या गळ्यात नवे दावे पडते आणि ती बाजाराची वाट धरते. घेणारा दात बघतो, कास बघतो, कितव्या वेताची ते विचारतो. ती गाभडली होती का, हा प्रश्न तो विचारत नाही. विचारला तरी खरे उत्तर मिळण्याची शक्यता कमीच.

गाय गाभडण्याची कारणे अनेक असतात आणि प्रत्येक वेळी रोगजंतूच दोषी असतो असे नाही. वऱ्हाडातला मे महिना गाभण जनावराला सोसणे कठीण असते. बुरशी आलेली ढेप, खनिजांची कमतरता, पोटाला बसलेला मार ही कारणेही खरी आहेत. परंतु पाच महिने उलटून गेल्यानंतर गाय गाभडली, वार अडकली आणि त्याच कोठ्यात किंवा त्याच आळीत थोड्या दिवसांत दुसरीही गाभडली, तर नजर आणि ढुसणी या कारणांवर थांबणे महागात पडते. अशा वेळी पहिला संशय घ्यायचा तो ब्रुसेलोसिसचा. पशुवैद्यकाच्या मराठी पुस्तकांत त्याला ‘सांसर्गिक गर्भपात’ म्हणतात. या नावातला पहिला शब्द जास्त महत्त्वाचा आहे.

या रोगाचा जिवाणू, ब्रुसेला अबॉर्टस, गाईच्या गर्भाशयात का रमतो याचे एक कारण रसायनशास्त्राने दिले आहे. गाभण गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाचा साखरेच्या जातीचा पदार्थ भरपूर असतो आणि हा जिवाणू त्यावर पोसतो. गाभ वाढतो तसा जिवाणूही वाढतो, वारेला सूज येते, वासराचे पोषण तुटते आणि उत्तरार्धात गाभ पडतो. त्या वेळी बाहेर येणारे पाणी, वार आणि मेलेले वासरू यांत जिवाणूंची संख्या प्रचंड असते. ती जागा चाटणारी, तिथला चारा खाणारी दुसरी गाय त्याच कोठ्यात बाधित होते. ओल्या, सावलीच्या जागी हा जिवाणू आठवडेच्या आठवडे तग धरतो. कडक ऊन त्याला लवकर मारते.

या रोगाची फसवी बाजू यापुढची आहे. बाधित गाय बहुतेक वेळा एकदाच गाभडते. पुढच्या वेताला ती दिवस भरून, जिवंत वासराला जन्म देते. धन्याला वाटते, संकट टळले, गाय सुधारली. पण जिवाणू तिच्या कासेत आणि लसिका ग्रंथींत ठाण मांडून असतो. प्रत्येक वेताला तो सांडतो, दुधातूनही अधूनमधून येत राहतो. तिची कालवड काही वेळा जन्मतःच जिवाणू घेऊन येते. रक्ततपासणीत ती निर्दोष ठरते आणि स्वतः पहिलटकरीण होते तेव्हा रोग उघड होतो. म्हणजे ज्या कोठ्यात चार वर्षांपूर्वी एक गाय गाभडली आणि नंतर सारे सुरळीत झाले, तो कोठा रोगमुक्त समजता येत नाही. सुई टोचून गाय बरी करून देतो असे सांगणारे भेटतात. हा जिवाणू पेशींच्या आत दडतो, त्यामुळे जनावरात त्यावर भरवशाचा औषधोपचार नाही. त्या सुईने धन्याचा खिसा तेवढा हलका होतो.

माणसाच्या बाजूने या जिवाणूची ओळख आधी झाली. माल्टा बेटावरच्या ब्रिटिश सैनिकांना एक ताप यायचा, जो उतरायचा, पुन्हा चढायचा आणि महिनोन् महिने पिच्छा सोडायचा नाही. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये मृत सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जिवाणू वेगळा केला. तो येतो कुठून, हे कळायला आणखी १८ वर्षे लागली. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित याने दाखवून दिले की, धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातून तो येतो. सैन्याने शेळीचे दूध बंद केले आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला. इकडे डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्ये गाईच्या गर्भपाताचा जिवाणू शोधला होता. हे दोन्ही जिवाणू जवळचे भाऊबंद आहेत, हे ॲलिस एव्हान्स या अमेरिकी संशोधिकेने १९१८ मध्ये मांडले. कच्चे दूध त्यामुळे धोक्याचे ठरू शकते असे ती म्हणाली, तर अनेक जाणकारांनी ते मनावर घेतले नाही. पुढे तिला स्वतःलाच प्रयोगशाळेत हा आजार जडला आणि तो वर्षानुवर्षे पुरला.

वऱ्हाडात दूध तापवल्याशिवाय चहा होत नाही, आणि चिखलदऱ्याचा खवा असो की रबडी, ती तासभर आटल्याशिवाय तयार होत नाही. ही सवय मोठे संरक्षण आहे. दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद राहिले तरी हा जिवाणू मरतो. उकळीपुढे तर त्याचा टिकाव नाहीच. दुधाच्या बाबतीत धोका उरतो तो धारोष्ण दुधाच्या कौतुकाचा. कासेखालून थेट पोराच्या पेल्यात दूध देण्याची हौस अजून आहे. परंतु पशुपालकाच्या घरात रोग शिरण्याची मोठी वाट वेगळी आहे. ती उघड्या हातांची आहे. वार ओढताना, मेलेले वासरू उचलताना, ओला कोठा झाडताना जिवाणू हाताच्या चिरांतून, डोळ्यांतून, श्वासातून शरीरात जातो. गाय विताना मदतीला जे धावतात आणि कोठ्याची रोजची झाडलोट जे करतात, त्यांच्या वाट्याला हा धोका जास्त येतो. यांत घरातल्या बाया आल्याच, आणि गावातले पशुपर्यवेक्षकही.

माणसाला होणारा ताप संध्याकाळी चढतो, रात्री घामाने कपडे भिजतात, कंबर आणि सांधे धरतात, भूक मरते. चार दिवस बरे वाटते, पुन्हा ताप येतो. टायफॉइड म्हणून एक कोर्स होतो, मलेरिया म्हणून दुसरा. पाठीचा कणा दुखू लागला की क्षयाची शंका येते. पुरुषांत वृषणाला सूज येते, गर्भवतीचा गर्भपातही होऊ शकतो. योग्य निदान झाले तर डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन यांसारखी दोन औषधे एकत्र, सहा आठवडे द्यावी लागतात. आठ-दहा दिवसांच्या गोळ्यांनी तो दबतो आणि उलटतो. यातले रिफाम्पिसिन क्षयाच्या उपचारातही वापरले जाते. त्यामुळे चुकीच्या निदानावर चालू केलेल्या औषधानेही काही काळ बरे वाटते आणि खरा रोग आणखी आत लपतो. हा सगळा घोळ टाळण्याची सुरुवात एका साध्या प्रश्नाने होते. ‘घरी जनावर आहे का, आणि गेल्या काही महिन्यांत एखादे गाभडले का?’ लांबलेल्या तापाच्या रुग्णाला ग्रामीण भागातल्या दवाखान्यात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तिकडे जनावरांच्या दवाखान्यातही, कोठ्यातल्या माणसांना ताप येतो का, हे कोणी विचारत नाही. दोन खाती, दोन इमारती, दोन वेगळ्या नोंदवह्या. जिवाणू मात्र एकच.

ब्रुसेलाखेरीज गाभ पाडणारे आणि गाय उलटवणारे इतरही जंतू आहेत. गाव-वळूवर अवलंबून असलेल्या भागांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू आणि ट्रायकोमोनास हा एकपेशीय जीव वळूकडून गाईला आणि गाईकडून वळूला जातो. यात गाभ इतक्या लवकर जातो की, गाय गाभडली हे कळतही नाही, ती फक्त वारंवार उलटते. कृत्रिम रेतनाचा एक कमी बोलला जाणारा फायदा हाच की, तपासलेल्या वळूच्या गोठवलेल्या रेतमात्रेतून हे रोग येत नाहीत. मान्यताप्राप्त रेतन केंद्रांतल्या वळूंची या रोगांसाठी आणि ब्रुसेलोसिससाठी ठरावीक काळाने तपासणी बंधनकारक आहे. आयबीआर नावाचा विषाणू एकदा शिरला की मज्जातंतूंत जन्मभर दबून राहतो आणि प्रवास, उपासमार, आजारपण यांनी जनावर खचले की डोके वर काढतो. लेप्टोस्पायरा उंदरांच्या मुतातून, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून येतो. तोही माणसाला सोडत नाही. २०२२ च्या लम्पीच्या साथीत विदर्भातल्या अनेक गाभण गाईंनी गाभ टाकला होता, हे पशुपालक विसरलेले नाहीत. यातले प्रत्येक दुखणे वेगळे आहे आणि नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. म्हणूनच गाभडल्यानंतर रक्त आणि वारेचा तुकडा प्रयोगशाळेत जाणे आवश्यक असते. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, पुण्यात राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. अंतर फार नाही, पण नमुना घेणारा हात वेळेवर पोहोचला पाहिजे. गाभडल्याबरोबर केलेली रक्ततपासणी कधी कधी निर्दोष येते, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यावे लागते. पहिल्या निर्दोष अहवालावर गाय विकायला काढणारा धनी, आणि त्याच अहवालावर ती घेणारा, दोघेही फसतात.

तपासणी होत नाही याला पशुपालकाचे अज्ञान हे एकच कारण देणे सोयीचे आहे, पण ते अर्धेच खरे आहे. समजा, तपासणी झाली आणि गाय दोषी निघाली. पुढे काय? ज्या देशांनी हा रोग मुळापासून काढला, त्यांनी लसीकरणानंतर दोषी जनावरे शोधून ती मारली आणि धन्याला भरपाई दिली. ऑस्ट्रेलियाने १९७० मध्ये मोहीम सुरू केली आणि १९८९ मध्ये देश या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी आहे आणि २०१५ मध्ये ती बैल-वळूंपर्यंत वाढली. त्या कायद्याच्या हेतूची चर्चा इथे करण्याचे कारण नाही. पण त्याचा एक परिणाम सरळ आहे. दोषी गाय कोणीतरी जन्मभर वेगळी बांधून पोसली पाहिजे, आणि तिच्या चाऱ्याचा खर्च कोण करणार, हे कोणी सांगितलेले नाही. दोन गाईंच्या जिवावर घर चालवणाऱ्याकडे वेगळा कोठाही नसतो. त्याच्या हिशेबाने अहवाल हा उपाय नसून तोटा आहे. गाय विकायची तर अहवालाआधी विकलेली बरी.

प्राण्यांतील सांसर्गिक रोगांबाबतचा केंद्राचा २००९ चा कायदा वाचला तर चित्र वेगळे दिसते. गाईचा ब्रुसेलोसिस त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. असा संशय आला तर धन्याने ग्रामपंचायतीला किंवा गावपातळीवरच्या अधिकाऱ्याला कळवायचे, जनावर वेगळे ठेवायचे, असे तो सांगतो. कळवण्याची जबाबदारी आहे. पण ब्रुसेलोसिस कळवणाऱ्याच्या हातात काय पडते, ते दिसत नाही. कळवले तर भुर्दंड आणि गप्प राहिले तर बाजारभाव, असा सौदा असताना बहुतेक माणसे काय निवडतील, हे सांगायला पशुवैद्य लागत नाही.

त्यात वऱ्हाडात बाहेरून जनावरे आणण्याची जुनी परंपरा आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी जे पॅकेज जाहीर केले, त्यात आत्महत्याग्रस्त भागातल्या शेतकऱ्यांना दुभत्या गाई देण्याची योजना होती. त्या गाईंच्या चाऱ्याचा आणि पाण्याचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याला पेलणार कसा, यावर तेव्हा बरीच टीका झाली आणि ती रास्त होती. पुढे विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाने अमरावती, अकोला, बुलडाण्यासह अकरा जिल्ह्यांत दूध संकलन वाढवले. दुधाला गिऱ्हाईक मिळाले की संकरित गाईंना मागणी येते, आणि मागणी आली की गाई जिल्हे ओलांडतात. रोगमुक्त कोठ्यात ब्रुसेला शिरण्याची सर्वांत नेहमीची वाट विकत आणलेले जनावर हीच आहे. पूर्णेच्या काठची, भुरकट रंगाची पूर्णाथडी म्हैस २०२३ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली, याचे वऱ्हाडात कौतुक झाले. म्हशीही या रोगातून सुटलेल्या नाहीत. चांगल्या म्हशी शोधून गावोगाव नेताना त्यांचे रक्त आधी तपासले जावे, इतकी काळजी त्या जातीच्या भवितव्यासाठी घेणे गैर ठरणार नाही.

यावर हातात असलेले हत्यार जुने आणि स्वस्त आहे. अमेरिकेत १९२३ मध्ये जॉन बक यांनी एका जर्सी गाईच्या दुधातून ब्रुसेलाचा एक वाण वेगळा केला. तो प्रयोगशाळेत वर्षभराहून अधिक काळ तसाच पडून राहिला आणि त्याची रोग करण्याची ताकद गेली, संरक्षण देण्याची राहिली. तीच एस-१९ लस. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुतासोबत ब्रुसेलोसिसचा समावेश झाला, आणि दरवर्षी देशभरातल्या ३ कोटी ६० लाख कालवडी-वगारींना ही लस देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. खर्च केंद्राचा. आयुष्यात एकदाच टोचायची, फक्त मादीला आणि फक्त चार ते आठ महिन्यांच्या वयात. त्याहून मोठ्या जनावराला दिली तर पुढे रक्ततपासणीत लसीची प्रतिपिंडे आणि रोगाची प्रतिपिंडे यांत फरक करणे अवघड होते. गाभण गाईला दिली तर तिचाच गाभ पडू शकतो. गोऱ्ह्याला द्यायची नाही, त्याच्या वृषणाला इजा होते. ही जिवंत लस आहे. ती थंड साखळीत राहिली नाही तर निकामी होते, आणि टोचणाऱ्याच्या बोटात सुई घुसली किंवा डोळ्यांत थेंब उडाला तर त्याला आजार होऊ शकतो. चीनमधील लान्झो शहरात २०१९ मध्ये ब्रुसेलाची लस बनवणाऱ्या कारखान्याच्या धुरांड्यातून जिवाणू हवेत गेले आणि दहा हजारांहून अधिक लोकांना संसर्ग झाला. लस टोचणाऱ्याला हातमोजे आणि चष्मा देणे ही चैन समजली जाते, तिथे ही आठवण उपयोगी पडावी.

लसीने पूर्ण कवच मिळत नाही, पण गाभ पडण्याचे प्रमाण आणि जिवाणूंचा फैलाव दोन्ही खूप घटतात. पिढीमागून पिढी टोचली गेली तर रोगाला नवी घरे मिळत नाहीत. त्यासाठी कोणती कालवड कधी त्या वयात आली, हे ठाऊक हवे. बारा आकडी बिल्ला कानात असलेल्या जनावराचीच खरेदी-विक्री व्हावी, असे राज्याने १ जून २०२४ पासून ठरवले. तो बिल्ला आज प्रामुख्याने ओळखीपुरता पाहिला जातो. त्याच क्रमांकासमोर लस, गर्भपात आणि तपासणी यांची नोंद असली आणि बाजाराच्या फाटकावर ती मोबाइलमध्ये दिसली, तर घेणाऱ्याला दातांपलीकडचेही काही कळेल.

तपासणीच्या बाबतीतही घरोघरी रक्त घेत फिरण्याआधी एक सोपी वाट आहे. दूध संकलन केंद्रावर जमलेल्या गाईच्या दुधात रंगवलेल्या मृत जिवाणूंचे थेंब मिसळले की, कळपात प्रतिपिंडे असतील तर साईच्या थरात रंगीत कडे उमटते. या ‘मिल्क रिंग’ चाचणीला खर्च नगण्य येतो. कोणत्या गावाकडे आधी वळायचे, हे तिने एका सकाळीत कळू शकते. दूध तर रोज केंद्रावर येतेच. त्यानंतर दोषी आढळलेल्या गाईच्या धन्याला चाऱ्यापुरता का होईना मासिक आधार, किंवा अशा गाईंसाठी तालुक्याला एक वेगळा, बंदिस्त गोठा, यांचा निर्णय सरकारला घ्यावा लागेल. आज अशा गाई गोरक्षण संस्थांच्या दारात जातात, आणि तिथे निरोगी गाईंच्या शेजारी बांधल्या जातात. भाविकांच्या दानातून चालणाऱ्या संस्थांवर हा भार टाकून मोकळे होणे बरोबर नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने देशातल्या पशुधनाचे ब्रुसेलोसिसमुळे होणारे नुकसान वर्षाला सुमारे ३४० कोटी डॉलर इतके काढले होते, आणि त्यातला बहुतेक वाटा गाई-म्हशींचा होता. त्या आकड्यापुढे चाऱ्याचा खर्च मोठा म्हणता येणार नाही.

तोवर कोठ्यात करता येण्याजोगे बरेच आहे. गाय गाभडली तर वारेला उघड्या हाताने शिवू नये; हातमोजे नसतील तर पशुवैद्य येईपर्यंत थांबावे. १९६२ या क्रमांकावर फिरते पथक बोलावता येते. वासरू आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी, कुत्र्यांना मिळू देऊ नये. भिजलेला कडबा जाळावा, जागेवर चुना किंवा जंतुनाशक टाकावे. ती गाय निदान महिनाभर इतरांपासून दूर बांधावी आणि दोनदा रक्त तपासल्याशिवाय तिला भरवू नये, बाजारातही नेऊ नये. घरात कुणाला रेंगाळलेला ताप असेल तर डॉक्टरांना गाईबद्दल आपणहून सांगावे. नवे जनावर आणले तर तपासणी होईपर्यंत त्याचे दावे जुन्या जनावरांपासून दूर राहू द्यावे.

आणि लसीचे वय निसटू देऊ नये. पोळ्याच्या सुमारास जन्मलेली वगार पौषात टोचणीच्या वयात येते आणि वैशाख लागताना त्या वयातून बाहेर पडते.